‘माझी आजी’ : एका निबंधाची दुरुस्ती

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



याच शाळेत १९७५ साली, इयत्ता चौथीत असताना, मी ‘माझी आजी’ या विषयावर निबंध लिहिला होता. आजी पहाटे उठते, देवपूजा करते, कैरीचे लोणचे घालते आणि रात्री आम्हांला रामाच्या गोष्टी सांगते, असे त्यात होते. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला आणि दहापैकी नऊ गुण दिले. घरी आजीने चष्मा लावून तो वाचला, वही मिटली आणि म्हणाली, “छान लिहिलंयस. पण लोणचं मला घालता येत नाही गं.”

ते मला ठाऊक होते. लोणचे आई घालत असे. आजीने तीस वर्षे लखनौच्या एका स्त्री-रुग्णालयात परिचारिका म्हणून काढली, हेही ठाऊक होते. पण ते चारचौघांत बोलायचे नाही, असा आमच्या घरात अलिखित दंडक होता. त्या निबंधाची दुरुस्ती आज अठ्ठेचाळीस वर्षांनी करते आहे.

१९३१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आजी विधवा झाली. पदरी दोन वर्षांचा मुलगा होता. तेच माझे वडील. सासरची माणसे तिला ठेवून घ्यायला तयार होती, अर्थात स्वयंपाकघरापुरती. ती मुलाला माहेरी सोपवून पुण्याला सेवासदनात आली. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये उभारलेल्या या संस्थेने ससून रुग्णालयात स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण मिळावे अशी व्यवस्था केली होती. रमाबाई १९२४ मध्येच निवर्तल्या. आजीने त्यांना कधी पाहिले नव्हते, तरी त्यांचा विषय निघाला की ती सावरून बसे.

परक्याच्या मलमूत्राला हात लावणे, रात्रपाळी करणे हे ‘चांगल्या घरातल्या’ बाईने करावे, हे नातेवाइकांना मान्य नव्हते. “सुईणपणा करते” असे गावाकडे म्हणत. तसे म्हणणारा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या सुईणीच्याच हाती जन्मला होता, हे जाता जाता सांगून टाकते.

थोरला भाऊ लखनौला रेल्वेत कारकून होता, म्हणून १९३५ मध्ये ती मुलाला घेऊन तिकडे गेली. परिचर्येच्या इतिहासात त्या शहराला स्थान आहे. परिचारिका-अधीक्षकांची संघटना १९०५ मध्ये लखनौलाच स्थापन झाली. तिच्या सभासद अवघ्या नऊ होत्या आणि त्या सर्व युरोपीय. लखनौतील मराठी माणूस कोण, असे विचारले तर लोक पंडित भातखंडे यांचे नाव घेतात. १९२६ मध्ये तिथे संगीत महाविद्यालय सुरू झाले, त्यामागे त्यांचीच दृष्टी होती. तेव्हा ते योग्यच आहे. रात्रपाळी करणाऱ्या मराठी विधवेचे नाव घ्यायला मात्र कोणी नव्हते.

लखनौने तिला भाषा दिली. रुग्ण मोलकरीण असो वा नवाबी घराण्यातली, आजी तिला ‘आप’ म्हणे. नवी परिचारिका एखादीला ‘तू’ म्हणाली, तर तिला बाजूला घेऊन समज देई. कामाची तिची पद्धतही ठरलेली होती. ती सांगे, “बाळ रडलं की सगळे बाळाकडे बघतात. आपण आईकडे बघायचं.” वार पडल्यानंतरचा पहिला तास ती बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून बसे. गर्भाशय घट्ट राहिले तर ठीक. सैल पडले तर रक्तस्राव होऊन काही मिनिटांत बाई हातची जाते. १९६० मध्ये गोमतीला महापूर आला आणि शहरात पाणी शिरले, तेव्हा कंदिलाच्या उजेडात ती तशीच बसून होती. घरी निरोप पोहोचला नाही. माझे वडील दोन दिवस तिला शोधत होते.

वडिलांना तिचा अभिमान नव्हता असे मी म्हणणार नाही. पण मुलगा म्हणून ज्या रात्री त्यांनी मामाच्या घरी एकट्याने काढल्या, त्या ते विसरले नाहीत. आजी १९८९ मध्ये गेली. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत ‘धर्मपरायण, प्रेमळ गृहिणी’ असे छापून आले. मजकूर वडिलांनी लिहिला होता. तो कार्यालयात नेऊन देणारी मी होते. तेव्हा मी चौथीत नव्हते, तेवीस वर्षांची होते. वाटेत कागद उघडून वाचला आणि तसाच दिला.

पुढे तिच्या ट्रंकेत एक जाड वही सापडली. तीत नावे नाहीत. तारीख, खाटेचा क्रमांक, मुलगा की मुलगी, वजन पौंड-औंसांत, आणि शेवटी दोन शब्द : ‘आई सुखरूप’. जिथे हे शब्द नाहीत, तिथे पुढची एक ओळ कोरी सोडलेली आहे. अशा कोऱ्या ओळी मी मोजल्या. त्या एकोणीस भरल्या.

१९६५ मध्ये ती निवृत्त होऊन पुण्याला आमच्या घरी राहायला आली. वहीत त्यानंतरची एकच नोंद आहे, पुढच्या वर्षीची. खाटेचा क्रमांक नाही. पुणे. मुलगी. सहा पौंड दोन औंस. आई सुखरूप.