गावी राहिलेली मैना



आजच्या भावकवितेत दुःख पुष्कळ आहे, पण त्या दुःखाला नाव-गाव क्वचितच असतं. वेदना, अंधार, पोकळी असे शब्द येतात आणि मनाला न भिडता निघून जातात. अशी कविता वाचली की मला घाटकोपरचं चिरागनगर आठवतं. वाटेगावहून पोटासाठी मुंबईत आलेले अण्णाभाऊ साठे तिथल्याच एका झोपडीत राहत होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी ‘माझी मैना’ ही छक्कड लिहिली. शाहीर अमर शेखांच्या पहाडी आवाजात ती सभासभांतून घुमली. विषय राजकारणाचा, पण छक्कड भरते ती बायकोला गावी ठेवून मुंबईला निघालेल्या गड्याच्या जिवाच्या तगमगीने. मैना रुसली आहे. तो तिची समजूत काढतो, दागिन्यांनी मढवीन म्हणतो. कोल्हापुरी साज, वज्रटीक, शिंदेशाही तोडे, यादी लांबतच जाते. मला या छक्कडीची खरी ताकद त्या यादीत दिसते. खिशात दमडी नसलेला माणूसच एवढे दागिने कबूल करतो! त्याची कीव करायला अण्णाभाऊ थांबत नाहीत; त्याचा रुबाब ते शाबूत ठेवतात, आणि म्हणूनच आपल्या पोटात कालवतं.

शेवटाकडे शाहीर सांगतो, जी गत या गड्याची, तीच खंडित महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव दुरावले. नकाशावरची रेघ थेट घरातली ताटातूट होते. समोर बसलेल्या कामगारांपैकी कितीतरी जण स्वतः बायकोला गावी ठेवून आलेले. त्यांना सीमाप्रश्न आणखी काय समजावायचा?

आज त्याच घाटकोपरच्या असल्फ्याच्या डोंगरउतारावर उत्तर प्रदेशातल्या जौनपूर-आझमगडचे गडी राहतात. त्यांच्याही मैना गावीच आहेत. रात्री रिक्षा लावून ते फोनवर घरी बोलतात. छपराचे पत्रे, मुलीची फी, पुढच्या महिन्यात नक्की, असं काय काय कबूल करतात. मुलुंड-बोरिवलीत लिहिणाऱ्या नव्या कवींनी हे कान देऊन ऐकावं. भाषा वेगळी म्हणून मान फिरवू नये.

आणि फोनच्या पलीकडून मैना काय म्हणते, तेही ऐकावं. अण्णाभाऊंच्या छक्कडीत मैनेचा रुसवा आपल्याला कळतो तो गड्याच्याच तोंडून. तिच्या तोंडची छक्कड मला ऐकायची आहे.