आरोग्याच्या पैशाचा हिशेब कोणापुढे?

(वाशीम जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



सार्वजनिक आरोग्यसेवेच्या अंदाजपत्रकावर शासनाची देखरेख असावी, याविषयी आपल्यात दुमत नाही. प्रश्न आहे तो ही देखरेख कोणी आणि कोणाच्या वतीने करावयाची, हा.

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा, सुमारे 12 लाख वस्तीचा जिल्हा. 2018 साली केंद्र सरकारने मागास जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ असे गोंडस नाव दिले. त्या यादीतील महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांत वाशीम आहे. इथे आरोग्याचा पैसा अनेक वाटांनी येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालये राज्याच्या आरोग्य खात्याकडे, आणि 2024 साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. शिवाय 2005 पासूनच्या आरोग्य अभियानाचा व जिल्हा नियोजन समितीचा निधी निराळा. रोगी मात्र एकच असतो!

या पैशावर देखरेख नाही असे नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षा आहे, महालेखापाल आहेत, विधिमंडळाच्या पंचायत राज व लोकलेखा समित्या आहेत. मंजूर रक्कम मंजूर बाबीवर, मुदतीत खर्च झाली काय, हे त्या पाहतात, आणि ते पाहिलेच पाहिजे. परंतु ही तपासणी बहुधा पैसा खर्ची पडून वर्षे लोटल्यावर होते. मानोऱ्याच्या एखाद्या खेड्यातील शेतमजुराला रात्री साप चावला असता केंद्रात लस होती काय, डॉक्टर हजर होता काय, याचे उत्तर खर्चाच्या दाखल्यात सापडत नाही.

याची किंमत काय पडते, हे नांदेडने दाखविले. 2023 च्या सप्टेंबरअखेर तेथील शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन रिक्त पदांचा, औषध खरेदीचा व आरोग्यावरील तरतुदीचा जाब सरकारला विचारला. म्हणजे हिशेब मागितला गेला, पण मृत्यूनंतर. अशा देखरेखीला पंचनामा म्हणतात. राज्यांनी अंदाजपत्रकाच्या 8 टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्चावी, असे 2017 चे राष्ट्रीय आरोग्य धोरण सांगते. महाराष्ट्र त्याच्या पुष्कळ मागे आहे.

वेळीच प्रश्न विचारण्याची जागा आपल्याकडे निर्माण झाली होती. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेल्या 1961 च्या कायद्याने जिल्हा परिषदेला अंदाजपत्रक मंजूर करण्याचा अधिकार दिला, आरोग्याची विषय समिती दिली. तथापि 2022 साली राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका न होता तेथे प्रशासक बसले. 2025 च्या आरंभी वाशीमवरही तीच पाळी आली. प्रशासकाच्या राजवटीत अंदाजपत्रक मांडणारा, मंजूर करणारा आणि खर्च करणारा हात एकच असतो. वरून कितीही तपासनीस पाठवा, सभागृहात उभे राहून विचारणाऱ्या सदस्याची जागा ते घेऊ शकत नाहीत.

अडाणी लोकांना हिशेब काय कळणार, असे नोकरशाही म्हणते. 2007 पासून महाराष्ट्राच्या काही जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख झाली. जनसुनवाईत खेड्यातील बायका उभ्या राहिल्या आणि अधिकाऱ्यांना उत्तरे द्यावी लागली. ज्याला दुखते त्याला नेमके काय विचारावे, हे पुरते कळते.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी हाती घ्याव्यात. आपल्या आरोग्य केंद्राची वर्षाची तरतूद, औषधांची साठा नोंदवही आणि रिक्त पदांची यादी माहितीच्या अधिकारात मागवावी. ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. गावाच्या आरोग्य समितीला मिळणाऱ्या निधीचा हिशेबही तेथेच मागावा. आणि हे सारे मार्चअखेरीची धावपळ सुरू होण्यापूर्वी, दिवाळीच्या सुमारास करावे, म्हणजे उरलेला पैसा योग्य कामी लावण्यास अवधी राहील.

हा पैसा सरकारचे दान नव्हे. काडेपेटी विकत घेणारा मजूरही कर भरतो. त्याला हिशेब मागण्याचा हक्क आहे, आणि तो बजावण्यास त्याला साथ देणे हे आपले काम आहे.