कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय बदलताना काय बघायचं?



आजचा विषय जरा वेगळा आहे. गेम खेळायचे मोठे कॉम्प्युटर आता आपल्या गावांतही आलेत. मुलं त्यावर गेम तर खेळतातच, पण लग्नाचे व्हिडिओ जुळवणं, बॅनर करणं, फोटोंचं काम करणं हेही त्याच कॉम्प्युटरवर चालतं. चार पैसे घरात येतात. आणि मग एक दिवस तो बंद पडतो.

दुरुस्तीवाला म्हणतो, "एसएमपीएस गेलाय, आठशे रुपयांत नवा टाकून देतो." मुलगा म्हणतो, "आई, चांगला घ्यायचा तर चार हजार लागतील." पैसे काढायचे आपल्या डब्यातून, नाहीतर गटाच्या कर्जातून. पण दोघांपैकी खरं कोण बोलतंय, ते आपल्याला कळत नाही. म्हणून हे बोलणं.

एसएमपीएस म्हणजेच पॉवर सप्लाय. कॉम्प्युटरच्या खोक्यात मागच्या बाजूला, आपण जिथे वायर खुपसतो तिथे तो पत्र्याचा डबा असतो. घरात २३० व्होल्टची वीज येते. कॉम्प्युटरच्या आतल्या नाजूक भागांना लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. तेवढी ती उतरवून, स्थिर करून सगळ्यांना वाटायचं काम हा डबा करतो. तो बिघडला तर एकटा जात नाही. जाताना मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क यांनाही घेऊन जाऊ शकतो. आठशे रुपये वाचवायला जावं आणि वीस-तीस हजारांचा माल जावा, असं होतं ते इथेच.

पण आधी खात्री करा की बिघाड त्याचाच आहे. साधं टायपिंग करताना कॉम्प्युटर चालतो, पण गेम किंवा व्हिडिओचं काम सुरू केलं की झटकन बंद होतो, जळका वास येतो, डब्याचा पंखा खरखरतो, ही त्याची लक्षणं आहेत. मात्र आत धूळ साचून कॉम्प्युटर तापला तरी तो असाच बंद पडतो. म्हणून आधी धूळ काढून घ्या. भिंतीतलं सॉकेट सैल आहे का बघा. मग दुरुस्तीवाल्याला सांगा, "तुमच्याकडचा चालू एसएमपीएस तेवढ्यापुरता जोडून दाखवा." तो जोडल्यावर गेम अर्धा तास नीट चालला, तर दोष नक्की कळला.

एक गोष्ट मात्र कुणीही करू नये. हा डबा घरी उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही वेळ साठून राहतात. हात लागला तर जिवावर बेतू शकतं. मुलांना हे बजावून सांगा.

आता नवा किती वॅटचा घ्यायचा? विहिरीवर मोटार बसवताना आपण पाणी किती खोल, पाइप किती लांब ते बघतो आणि मग किती एचपीची ते ठरवतो. इथेही तसंच. उदाहरण घेऊ. समजा मुलाच्या कॉम्प्युटरमध्ये रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड आहे. प्रोसेसरला धरा ८० वॅट. ग्राफिक्स कार्डला १७०. बोर्ड, डिस्क, पंखे मिळून ६०. बेरीज झाली ३१०. पण ग्राफिक्स कार्ड मधेच क्षणभर बरीच जास्त वीज ओढतं. शिवाय डबा पूर्ण भारावर सतत राबवला तर तापतो आणि लवकर जातो. म्हणून हात राखून घ्यायचं. या कार्डासाठी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय घ्या, असं कार्डाची कंपनीच सांगते. प्रत्येक कार्डासाठी हा आकडा कंपनीनं दिलेला असतो. मुलाला तो शोधून कागदावर लिहायला सांगा. दुकानदार म्हणाला हजार वॅटचा घ्या, तर तेवढ्याची गरज नाही. तोही पैसा वायाच.

खरी मेख पुढे आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलं म्हणजे तो ४५० देतोच असं नाही. डब्याच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्या आकड्याला बारानं गुणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. चांगल्या ५५० वॅटच्या डब्यावर ४५ अँपिअर लिहिलेलं असेल, तर बारा गुणिले पंचेचाळीस म्हणजे ५४० वॅट. हिशेब जुळला. स्वस्त डब्यावर वर ४५० लिहिलंय आणि तक्त्यात १६ अँपिअर, तर कामाचे वॅट भरले १९२. आपल्याला लागतात तीनशेच्या वर. हा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या करता येतो, आणि आपण तो केला की दुकानदारही सावध बोलतो.

खोक्यावर '८० प्लस' असा शिक्का बघा. २००४ साली सुरू झालेली ही तपासणी आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के कामाला लागते आणि बाकीची उष्णता होऊन जाते, असा त्याचा अर्थ. त्यात साधा, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे आहेत. आपल्याला ब्राँझ पुरतो. तो अर्ध्या भारावर साधारण ८५ टक्के वीज कामाला लावतो. कॉम्प्युटरला ३०० वॅट हवे असतील तर ब्राँझ भिंतीतून सुमारे ३५३ वॅट घेईल. ७० टक्केवाला घेईल सुमारे ४२९. रोज चार तास वापर धरला तर महिन्याला नऊ युनिटचा फरक पडतो. पण लक्षात ठेवा, हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. डबा टिकेल का, हे तो सांगत नाही.

टिकाऊपणासाठी तीन गोष्टी विचारायच्या. पहिली, संरक्षण. कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो ना? शिट्टी अडकली तर तो उडतो, कुकर फुटत नाही. तसं व्होल्टेज वाढलं, भार जास्त झाला, शॉर्टसर्किट झालं, तर चांगला एसएमपीएस स्वतःहून बंद होतो आणि बाकीचे भाग वाचतात. ही संरक्षणं खोक्यावर लिहिलेली असतात. दुसरी, वॉरंटी. चांगल्या मालाला तीन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत असते. तोंडी वॉरंटी धरू नका. तिसरी, मॉडेलचं पूर्ण नाव. कॉर्सेअर, कूलर मास्टर, डीपकूल, अँटेक अशी नावं बाजारात आहेत, पण एकाच कंपनीचा एक माल उत्तम आणि दुसरा साधा असू शकतो. म्हणून नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊ नका. भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक छापला असेल तर तो 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपवर घालून बघता येतो.

ब्राँझ दर्जाचा ५५० वॅटचा डबा साधारण साडेतीन ते पाच हजारांत मिळतो. दर वरखाली होतात, म्हणून दोन दुकानांत विचारा.

आता वायरींचं. नवा डबा आला की त्याच्याच वायरी वापरायच्या. काही डब्यांच्या वायरी सुट्ट्या निघतात. जुन्याच्या वायरी नव्यात बसतात असं दिसलं, तरी आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि चालू करताच डिस्क किंवा बोर्ड जळतो. ग्राफिक्स कार्डाला लागणारी सहा किंवा आठ पिनांची वायर डब्यातूनच आलेली हवी. जोडतोड करून काढलेली नको. ती तापते, वितळते. काही स्वस्त डब्यांना मागे लाल बटण असतं, त्यावर ११५ आणि २३० लिहिलेलं असतं. आपल्याकडे ते २३० वरच हवं. ११५ वर ठेवून चालू केला तर डबा तिथेच जातो.

आणि मैत्रिणींनो, डबा कितीही चांगला असला तरी घरची वीज नीट हवी. कॉम्प्युटरच्या खोक्याला हात लावला की मुंग्या आल्यासारखं झिणझिणतं का? तसं असेल तर बहुतेक वेळा अर्थिंग नसतं. वायरमनला बोलावून ते करून घ्या. तिसरी पिन कापून दोन पिनांत बसवू नका. यूपीएस असेल तर त्याची ताकदही बघा. बाजारात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. गेम चालू असताना लाइट गेली तर तो भार त्याला झेपेलच असं नाही. घरात जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर नव्या चांगल्या एसएमपीएसचं त्याच्याशी पटतंच असं नाही. सरळ साइन वेव्ह लागतो. हे आधीच विचारून घ्या.

पक्कं बिल घ्या. त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. खोकं वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. वॉरंटीत असताना दुकानदार टाळाटाळ करू लागला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जुना डबा उकिरड्यावर टाकू नका, जाळू तर मुळीच नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

तर बाजाराला जाताना एका चिठ्ठीवर एवढं लिहून न्या: ग्राफिक्स कार्डाचं नाव, कंपनीनं सांगितलेले वॅट, १२ व्होल्टचे अँपिअर गुणिले बारा, ८० प्लस ब्राँझ, संरक्षणं, वॉरंटीची वर्षं, पक्कं बिल. सात गोष्टी. मुलाला बरोबर न्या, पण चिठ्ठी आपल्या हातात ठेवा. पैसे आपण देतो, तर प्रश्नही आपणच विचारायचे. इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही. बारानं गुणायला इंग्रजी लागत नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत ही चिठ्ठी वाचून दाखवा. कुणाच्या तरी घरी उद्या कामाला येईल.