शून्य किमतीचा खेळ आणि पालकांचे नियंत्रण

(व्याख्यानाचे संपादित रूप)



या शतकाच्या पहिल्या दशकात शहरांतील आणि तालुक्याच्या गावांतील सायबर कॅफेत संगणकावर खेळायला बसणाऱ्या मुलाला तासाच्या हिशेबाने पैसे मोजावे लागत. खिशातील पैसे संपले की खेळही संपे. मुलाच्या खेळण्याच्या वेळेवर त्या काळी पालकांच्या धाकापेक्षा किमतीचेच नियंत्रण अधिक होते. 2016 नंतर भारतात मोबाइल डेटाचे दर झपाट्याने उतरले. दररोज ठरावीक डेटा देणारे पॅक रूढ झाले. त्या दिवशीचा डेटा वापरला नाही तर तो मध्यरात्री बाद होतो. बहुतेक लोकप्रिय खेळ विनामूल्य उतरवून घेता येतात. परिणामी, खेळाच्या आणखी एका तासासाठी पडणारा पैशातील खर्च, म्हणजेच अर्थशास्त्राच्या परिभाषेतील सीमान्त खर्च, जवळजवळ शून्यावर आला. ‘आता पुरे’ असे सांगणारी किंमत नाहीशी झाली. तिची जागा कोणी आणि कशी घ्यावी, हाच प्रस्तुत विषयाचा गाभा होय.

विनामूल्य खेळाची खरी किंमत

गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने 1965 मध्ये वेळेच्या वाटपाचा सिद्धान्त मांडला. कुटुंब केवळ पैशाचे नव्हे, तर वेळेचेही अंदाजपत्रक सांभाळत असते, हे त्याचे सार. या दृष्टीने पाहता खेळाचा कोणताही तास फुकट नसतो. त्यासाठी झोप, अभ्यास, मैदानावरील खेळ किंवा घरातील संभाषण यांपैकी कशावर तरी पाणी सोडावे लागते. हा संधिखर्च मुलाला दिसत नाही, कारण खेळाचा आनंद आज मिळतो आणि त्याची किंमत परीक्षेच्या वा आरोग्याच्या रूपाने पुढे चुकवावी लागते.

दुसऱ्या बाजूस खेळ बनविणारी कंपनी आहे. तिचे उत्पन्न जाहिरातींतून आणि खेळांतर्गत खरेदीतून येते. म्हणून खेळाडू पडद्यासमोर अधिकाधिक वेळ राहावा, यात तिचे हित असते. रोजच्या हजेरीचे बक्षीस, सलग दिवसांची मोजणी, आत काय निघेल हे ठाऊक नसलेल्या बक्षिसाच्या पेट्या ही त्यासाठीची साधने. अशा पैसे देऊन उघडावयाच्या पेट्यांना बेल्जियमने 2018 मध्ये जुगाराच्या कायद्याखाली आणले. एका बाजूला तज्ज्ञांनी घडविलेली रचना आणि दुसऱ्या बाजूला दहा-बारा वर्षांचे मूल, असा हा विषम सामना आहे.

तथापि खेळणे हा दोष नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातील 31 वे कलम विश्रांती, फावला वेळ व खेळ हा बालकाचा हक्क मानते; भारताने हा करार 1992 मध्ये स्वीकारला. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला असून ती आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. परंतु खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसूनही खेळ चालूच राहणे, ही लक्षणे सामान्यतः किमान 12 महिने टिकली आणि त्यांमुळे दैनंदिन जीवन गंभीरपणे बिघडले, तरच हे निदान केले जाते. सुटीत तीन तास खेळणारे प्रत्येक मूल रुग्ण नसते.

पालक-नियंत्रण : वेळेचे शिधावाटप

किमतीची उणीव भरून काढण्यासाठी तंत्रज्ञानाने जे साधन दिले, ते पॅरेंटल कंट्रोल म्हणजेच पालक-नियंत्रण सुविधा होय. अँड्रॉइड फोनसाठी गूगलचे फॅमिली लिंक, आयफोनमध्ये 2018 पासून असलेले स्क्रीन टाइम आणि खेळाच्या कन्सोलमधील स्वतंत्र व्यवस्था ही त्याची परिचित उदाहरणे. त्यांची कामे मुख्यतः चार : दिवसाची कालमर्यादा ठरविणे, झोपेच्या वेळी उपकरण बंद ठेवणे, नवे ॲप घेण्यापूर्वी पालकांची मंजुरी मागणे आणि खरेदीला आळा घालणे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे शिधावाटप आहे. वस्तूची किंमत तिचा वापर मर्यादित करू शकत नसेल, तेव्हा प्रमाण ठरवून दिले जाते. शिधावाटपाचा इतिहास दोन धडे देतो. पहिला असा की, लोकांना अन्याय्य वाटणाऱ्या मर्यादेतून काळा बाजार जन्मास येतो. घरोघरी त्याचे रूप वेगळे असते : आजीचा फोन, मित्राचे घर, दुसऱ्या नावाचे खाते, गुपचूप पाहून ठेवलेला पासवर्ड. दुसरा धडा असा की, शिधावाटपाची अंमलबजावणी फुकट होत नाही. कोणाला तरी देखरेख ठेवावी लागते, अपवाद करावे लागतात आणि वाद मिटवावे लागतात. कुलूप हे काम सोपे करते. ते संपवीत नाही.

दोन देशांचे प्रयोग

हे शिधावाटप घराऐवजी शासनाने करावे काय? दक्षिण कोरियाने 2011 मध्ये तसा कायदा लागू केला. 16 वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी 6 पर्यंत संगणकावरील ऑनलाइन खेळ बंद करण्यात आले. पुढे मुले मोबाइलवरील खेळांकडे वळली, काही जण मोठ्यांच्या ओळखक्रमांकाने खेळू लागले आणि कायद्याची परिणामकारकता ओसरली. 1 जानेवारी 2022 पासून ही बंदी रद्द झाली. मूल किंवा पालक स्वतः वेळ ठरवून कंपनीला कळवू शकतील, ही ऐच्छिक व्यवस्था मात्र कायम राहिली.

चीनने उलट दिशा धरली. 2019 मध्ये अल्पवयीनांसाठी शाळेच्या दिवशी 90 मिनिटे आणि सुटीच्या दिवशी 3 तास अशी मर्यादा होती. 2021 मध्ये ती शुक्रवार, शनिवार, रविवार व सार्वजनिक सुटीच्या दिवशी रात्री 8 ते 9 या एका तासावर आणली गेली. तेथेही वडीलधाऱ्यांच्या खात्यांची पळवाट राहिलीच. ती बुजविण्यासाठी मोठ्या कंपन्यांनी चेहरा ओळखणाऱ्या तंत्राचा वापर केला. शासन नियम करू शकते. पण फोन ज्या घरात आहे, त्या घराच्या सहभागाविना तो नियम अपुरा राहतो, हा या दोन्ही अनुभवांचा निष्कर्ष.

भारतीय घराची परिस्थिती

पालक-नियंत्रणाची बहुतेक साधने एक गोष्ट गृहीत धरतात : पालकाजवळ एक फोन, मुलाजवळ दुसरा, आणि पालक तंत्रज्ञानात मुलाच्या पुढे. भारतात हे गृहीतक अनेकदा कोसळते. ग्रामीण भागातील ‘असर’ 2024 या पाहणीनुसार 14 ते 16 वयोगटातील 82.2 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात 57 टक्के मुलांनी तो शिक्षणासाठी, तर 76 टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन मात्र 14 वर्षांच्या 27 टक्के आणि 16 वर्षांच्या 37.8 टक्के मुलांकडेच होता. उरलेली मुले घरातील सामाईक फोनवर खेळतात.

पालकांची बाजूही पाहावी लागेल. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातील केवळ 33 टक्के महिलांनी आणि 57 टक्के पुरुषांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचे आढळले. त्यानंतर प्रसार वाढला असला, तरी ज्या आईकडे मुलावर लक्ष ठेवण्याची अपेक्षा असते, तीच या साधनाशी कमी परिचित असण्याची शक्यता अधिक. शिवाय 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष 88 मिनिटे. देखरेख हेही घरकामच आहे. ते पुन्हा एकट्या आईवर टाकले, तर कालमर्यादा कागदावरच राहील.

सामाईक फोनच्या घरात उपाय निराळे लागतात. फोनवरील ॲपनिहाय वेळमर्यादा, प्ले स्टोअरमधील प्रत्येक खरेदीसाठी पासवर्डची सक्ती, यूपीआयचा पिन मुलाला न सांगणे आणि रात्री फोन ठेवण्याची एकच सार्वजनिक जागा, एवढ्यानेही बरेच साधते. शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्ये पालक व शिक्षकांसाठी दिलेल्या सूचनांमध्ये पालक-नियंत्रण सुरू करणे, संमतीविना खेळांतर्गत खरेदी होऊ न देणे आणि ॲपवर कार्डाची नोंदणी टाळणे यांवर भर होता. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात नकळत झालेली काही हजारांची खरेदी म्हणजे किराणा किंवा शाळेचे शुल्क असते, हे लक्षात घेता या सूचनांचे महत्त्व पटते.

भोंग्याचे अर्थशास्त्र

मुलाची सर्वांत मोठी तक्रार असते, ‘बाकी सगळे खेळतात.’ ही तक्रार खोटी नसते. सवंगडी एकाच वेळी खेळात जमत असतील, तर एकट्याने बाहेर पडणे म्हणजे मैत्रीला मुकणे. येथे प्रत्येक घराचा निर्णय इतर घरांवर अवलंबून असतो. म्हणून तो समन्वयाचा प्रश्न ठरतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये त्यावर उत्तर शोधले. सायंकाळी 7 वाजता मंदिरावरील भोंगा वाजला की दीड तास घरोघरी दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यासाला बसावे, असे गावाने ठरविले. येथे कोणतेही ॲप नव्हते. नियम सर्वांना एकाच वेळी लागू असल्याने कोणत्याही मुलाला एकटे पडल्याची भावना होण्याचे कारण उरले नाही. आणि मोठ्यांनीही तो पाळावयाचा असल्याने त्याला नैतिक वजन आले. एका इमारतीतील कुटुंबे किंवा एका वर्गाचे पालक यांना असा सामाईक तास ठरविणे अशक्य नाही.

पाळत नव्हे, करार

पालक-नियंत्रण आणि पाळत यांतील सीमारेषा पुसट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. बालहक्क कराराचे 5 वे कलम पालकांचे मार्गदर्शन मुलाच्या वाढत्या क्षमतेशी सुसंगत असावे असे सांगते. आठ वर्षांच्या मुलासाठी ॲपची निवड पालकाने करणे योग्य. परंतु सोळा वर्षांच्या मुलीचे संदेश तिच्या नकळत वाचणे हे नियंत्रण नव्हे, विश्वासाचा भंग होय. मर्यादा मुलाशी बोलून ठरवावी, तिची कारणे सांगावीत, परीक्षेच्या व सुटीच्या काळासाठी ती वेगळी असावी आणि मुलाने ती पाळल्यास हळूहळू सैल करावी. चालू सामना अर्ध्यावर तुटल्यास सहकारी खेळाडूंचेही नुकसान होते, हे जाणून दहा मिनिटांची पूर्वसूचना देणे हाही न्यायच आहे.

शासन व उद्योग यांची जबाबदारी

तरीही सारा भार घरावर टाकणे अन्यायाचे ठरेल. अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये फोर्टनाइट या खेळाच्या निर्मात्या एपिक गेम्स कंपनीने मुलांचा खासगीपणा आणि फसवी खरेदी-रचना यांविषयीच्या आरोपांत एकूण 52 कोटी डॉलर देण्याची तडजोड मान्य केली. भारतात 30 नोव्हेंबर 2023 रोजी ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या 13 ‘डार्क पॅटर्न’ना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाली. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे 9 वे कलम 18 वर्षांखालील मुलांच्या विदेसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानते आणि मुलांचा माग काढणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविणे निषिद्ध ठरविते. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरली आहे. ऑनलाइन खेळांचे प्रोत्साहन व नियमन करणाऱ्या विधेयकाला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळांना वेगळे स्थान दिले. ज्या कुटुंबांचा प्रश्न मर्यादेपलीकडे गेला आहे, त्यांच्यासाठी बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत 2014 पासून तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी ‘शट’ क्लिनिक चालते आणि टेली-मानसची 14416 ही दूरध्वनीसेवा 2022 पासून उपलब्ध आहे.

नियंत्रणाचे अंतिम उद्दिष्ट

थॉमस शेलिंग यांना 2005 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मनुष्य उद्याच्या स्वतःला मोहापासून वाचविण्यासाठी आजच स्वतःवर बंधन घालून घेतो, या पूर्वबांधिलकीच्या प्रश्नाचा त्यांनी विचार केला. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी फोन खोलीबाहेर ठेवतो किंवा वेळमर्यादेचा पासवर्ड मित्राला ठरवायला सांगतो, तेव्हा तो हेच करीत असतो. फरक इतकाच की, त्याचे बंधन त्याने स्वतः निवडलेले असते.

पालक-नियंत्रणाचे यश किती मिनिटे वाचली यावर मोजता येणार नाही. आज पालकाच्या हातात असलेली किल्ली काही वर्षांनी मुलाच्या हातात जाणारच आहे. त्या दिवशी ती कशी वापरावी हे त्याला कळत असेल, तर ते नियंत्रण सफल झाले असे म्हणावे.