मोटारसायकलचे हँडल का थरथरते?



ग्रामीण महाराष्ट्रात मोटारसायकल हे आता चैनीचे वाहन राहिलेले नाही. पहाटे गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करून ते संकलन केंद्रावर पोहोचविणारा तरुण, वाडीवस्तीवर जाणारी आरोग्यसेविका, भाजीपाला घेऊन बाजार गाठणारा शेतकरी, या साऱ्यांचा दिवस याच दोन चाकांवर अवलंबून असतो. अशा वाहनाचे हँडल धावताना थरथरू लागले, तर त्याकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते. मी कलाशाखेचा पदवीधर आहे, यंत्रज्ञ नव्हे. तथापि ही तपासणी इतकी क्रमबद्ध आहे, की जाणकारांकडून ती नीट समजून घेतल्यास कोणासही करता यावी. म्हणूनच आज तिचा क्रम आपल्यापुढे मांडीत आहे.

प्रथम कारण पाहू. पुढील चाक, फोर्क आणि हँडल हे तिन्ही मिळून सांगाड्याच्या पुढील नळीत कोनसेटच्या गोळ्यांवर फिरतात. फोर्क तिरका बसविलेला असल्यामुळे एका बाजूस वळलेले चाक आपोआप सरळ होऊ पाहते. सरळ होताना ते किंचित पलीकडे जाते व पुन्हा परतते. गाडी सुस्थितीत असेल तर हे हेलकावे तत्काळ शमतात. कोठे ढिलाई, झीज अथवा असमतोल असला, की ते शमण्याऐवजी वाढत जातात.

ब्रिटिश संशोधक रॉबिन शार्प यांनी १९७१ साली मोटारसायकलच्या स्थैर्याचे गणित मांडताना दोन प्रकारची आंदोलने वेगळी दाखविली. एकात केवळ पुढील चाक व हँडल जलद थरथरते. सेकंदाला साधारणपणे ६ ते १० वेळा. दुसऱ्यात संपूर्ण गाडी सापासारखी वळवळते. सेकंदाला २ ते ४ वेळा. हा भेद व्यवहारात फार उपयोगी पडतो. हातांना जलद थरथर जाणवली, तर दोष बहुधा पुढील भागात शोधावा. मागून गाडी डुलत असेल, तर मागील चाक व ओझे यांकडे आधी पाहावे.

पान्याला हात घालण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. थरथर कोणत्या वेगाला येते? ब्रेक दाबताना येते की वेग उतरताना? मोकळ्या गाडीला येते की भरलेल्या? आणि टायर बदलणे वा अन्य दुरुस्ती झाल्यानंतर ती सुरू झाली काय? ब्रेक दाबतानाच हँडल हादरत असेल, तर वाकडी डिस्क, ड्रममधील दोष किंवा सैल कोनसेट यांचा संशय घ्यावा.

यानंतरचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे असावा. पहिली तपासणी हवेची. ती टायर थंड असताना मोजावी व गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे भरावी. टायर रिमवर सर्व बाजूंनी सारखा बसला आहे काय, त्याला फुगवटा किंवा खड्डे पडले आहेत काय, हेही पाहावे.

दुसरी तपासणी ओझ्याची. ४० लिटरच्या दोन कॅनमधील दुधाचेच वजन सुमारे ८२ किलो होते. त्यात ६५ किलोचा चालक मिळविला, की १४७ किलो झाले. कॅनचे वजन निराळेच. शंभर-सव्वाशे सीसीच्या अनेक गाड्यांची मर्यादा मात्र चालकासह १३० किलोंच्या आसपास असते. बैलगाडी मागे जड होऊन उलाळ झाली, की जू वर उचलले जाते, हे आपणांस ठाऊकच आहे. मोटारसायकलचेही तसेच होते. मागील भाराने पुढील चाक हलके पडते आणि हँडलला आधार उरत नाही. कॅन उतरवून तीच गाडी सरळ चालली, तर अर्धे निदान तेथेच झाले.

तिसरी तपासणी चाकाची. गाडी डबल स्टँडवर घेऊन, मदतनिसाकडून मागील भाग दाबून धरून, पुढील चाक जमिनीपासून उचलावे व हळूहळू फिरवावे. रिमजवळ एखादी तार स्थिर धरली असता आऊट चटकन दिसतो. बहुतेक पुस्तिकांत याची मर्यादा सुमारे २ मिलिमीटर दिलेली असते. तारांचे चाक असल्यास प्रत्येक तार पान्याने हलकेच वाजवावी. सैल तारेचा आवाज बोदा येतो. मग चाक दोन्ही हातांनी आडवे हलवावे. आसाजवळ खटखट जाणवल्यास बेअरिंग झिजले आहे असे समजावे.

चौथी तपासणी कोनसेटची. चाक उचललेले असतानाच फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे ओढावीत. टकटक झाली तर कोनसेट सैल आहे. हँडल मध्यावर आणून हलकेच सोडावे. ते स्वतःच्या वजनाने दोन्ही बाजूंस सहज कलले पाहिजे. मध्यावर अडकत असेल, तर गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडले आहेत. तेव्हा संपूर्ण संच बदलणे हाच उपाय होय. येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. थरथर दिसली, की कोनसेटचा नट आवळून टाकण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. नट अधिक आवळल्याने थरथर दबते. परंतु हँडल जड होऊन संथ वेगात गाडी भरकटते, आणि मूळ दोष तसाच राहतो.

शेवटी मागील चाक पाहावे. स्विंग आर्म आडवा हलवून बुश तपासावेत. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा समान ठेवाव्यात, आणि गवंड्याप्रमाणे दोरी लावून दोन्ही चाके एका रेषेत आहेत याची खात्री करून घ्यावी. गाडी पूर्वी पडलेली असेल, तर फोर्क किंवा सांगाडा वाकल्याची शक्यता कुशल कारागिराकडून पडताळून घ्यावी.

एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि मगच मोकळ्या रस्त्यावर, शिरस्त्राण घालून, बेताच्या वेगाने गाडी चालवून पाहावी. हात सोडून परीक्षा मुळीच घेऊ नये. धावत्या गाडीचे हँडल अकस्मात थरथरलेच, तर ते घट्ट आवळू नये व जोराने ब्रेकही मारू नये. गुडघ्यांनी टाकी धरावी, शरीर किंचित पुढे झुकवावे आणि थ्रॉटल हळूहळू कमी करावा.

यांतील पहिल्या दोन तपासण्यांना पाच-दहा मिनिटे लागतात आणि खर्च जवळजवळ काहीच नाही. दूध वेळेवर पोहोचलेच पाहिजे. पण ते पोहोचविणाराही सुखरूप घरी परतला पाहिजे. उद्या पहाटे कॅन चढविण्यापूर्वी टायरची हवा तेवढी मोजून पाहावी, एवढीच माझी आपणां सर्वांस विनंती आहे.