घरची ढोबळी मिरची



ग्वाल्हेरच्या बाजारातली शिमला मिर्च आपल्या घरात ढोबळी मिरची होते. कोणी तीत बेसन भरतात, आम्ही खिमा. सारण आधी शिजवून घ्यावे. मग मिरचीला थोडी वाफ पुरे. फार शिजविल्यास तिच्यातील क जीवनसत्त्व जाते.

मिरची मूळची अमेरिकेची. १६ व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती हिंदुस्थानात आली. त्यापूर्वी आपले तिखट काळ्या मिरीचे. 'मिरची' हे नावही तिच्यावरूनच पडले. आज तिच्यावाचून ठेचा नाही की कालवण नाही.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी येथे लष्कर वसविले. आपली मराठी घरेही अशीच दुरून येऊन ग्वाल्हेरची झाली. मुरले ते घरचे. मग सारण कोणतेही असो.