बुधवारची फेरी



गेले दीड वर्ष दर बुधवारी मी एस.टी.ने जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला जाते, हे आपणांपैकी पुष्कळजणींस ठाऊक आहे. कशाला जाते, ते आज सांगते. आई गेली तेव्हा मला रडू आले नाही. पुढे झोप उडाली, मुलांवर विनाकारण हात उगारू लागले. डॉक्टरांनी तपासले आणि एका समुपदेशक बाईंकडे धाडले.

त्या पन्नास मिनिटे ऐकतात. मनात येईल ते बोला, एवढेच सांगतात. मी सल्ल्याची वाट पाहत राहिले. सल्ला काही मिळेना! आमचे हे विचारीत, "अजून किती फेऱ्या?" गोळ्यांचा हिशेब असतो, याचा नसतो. कधी थांबायचे ते दोघींनी मिळून ठरवायचे.

चौथ्या महिन्यात बाई एका बुधवारी रजेवर गेल्या. सांगून गेल्या होत्या, तरी पुढच्या खेपेस माझ्या तोंडून शब्द फुटेना. "माझा राग आला का?" त्यांनी विचारले. मी नाही म्हटले, आणि एकदम मावशीचे घर आठवले. सातवीची परीक्षा झाल्यावर आईने मला मावशीच्या बाळंतपणासाठी आठ दिवसांकरिता म्हणून पाठवले, ती दोन वर्षे न्यायला आली नाही. शाळा तिथेच सुटली. राग आईवरचा, निघाला बाईंवर. परतताना मी एस.टी.त रडले. जुने नाते नव्या माणसाशी पुन्हा उभे राहते, आणि तिथे ते नीट पाहता येते, असे बाई म्हणाल्या.

हे खूळ आजचे नव्हे. व्हिएन्नात १८८० ते १८८२ या काळात बर्था पापेनहाइम ही तरुणी डॉ. ब्रॉयर यांच्यापाशी अशीच बोलत असे. 'धुराडे झाडणे' हे नाव तिचेच. ती लगेच बरी झाली नाही, इस्पितळातही राहिली. पण १९०४ मध्ये तिने जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना उभारली. आपल्याकडे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यास मनोविश्लेषणाची संस्था काढली. आपल्या आज्या जात्यापाशी बोलत, पण जाते उलट विचारीत नसे.

हे सर्वांना परवडेल असे नाही. एस.टी.चे तिकीट २०२३ पासून बायकांना अर्धे झाले, म्हणून माझे निभते. आणि जीव नकोसा झाला असेल तर बुधवारची वाट पाहू नये. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येते.

मुलांवर हात उचलणे थांबले आहे. झोप अजून पुरती नाही. आईचे लुगडे ट्रंकेत आहे, ते मी अद्याप उघडलेले नाही. गेल्या बुधवारी बाईंना तेवढे सांगितले.